नाणं खरं, फोटो खरा, विकणारा खोटा: नागपूरच्या संग्राहकांची तीच ती फसवणूक आणि तिच्यावरचे उपाय

तक्रार दर वेळी तीच असते. कोणीतरी 1939 चा जॉर्ज सहावा रुपया विकायला काढतो. चार फोटो, झकास उजेडात काढलेले. भाव बाजारापेक्षा निम्मा. एवढं स्वस्त का म्हणून विचारलं, तर बहिणीचं लग्न आहे किंवा वडील दवाखान्यात आहेत. ‘भाऊ, फक्त दोन हजार टोकन टाका, बाकीचे पार्सल हातात पडल्यावर.’ टोकन गेलं की कुरियरचा विमा निघतो, विम्यामागून जीएसटी, आणि हे सगळं म्हणे ‘रिफंडेबल’. मग नंबर बंद, डीपी गायब. थोड्या दिवसांनी तेच फोटो दुसऱ्या नावाने दुसऱ्या ग्रुपवर हजर.

यात फसतो तो नवखा असतो असं समजू नका. उलट नवखा घाबरतो, चार जणांना विचारतो. अडकतो तो वीस वर्षं अल्बम भरत बसलेला माणूस. त्याला ठाऊक असतं की 1939 चा रुपया दुर्मीळ आहे, आणि 1938 च्या आठाचा नऊ करून खपवणारे कारागीर आहेत. म्हणून तो फोटो मोठा करतो, नवाची शेपटी बघतो, आजूबाजूला धातू खरवडल्याची खूण आहे का ते शोधतो. काही सापडत नाही. सापडणारच नाही, कारण फोटो एखाद्या लिलावाच्या कॅटलॉगमधून उचललेला असतो आणि तिथलं नाणं खरंखुरं असतं. सगळी विद्या नाण्यावर खर्च होते आणि ते नाणं या माणसाच्या घरात आहे का, हा साधा प्रश्न राहूनच जातो.

म्हणून तपासाचा क्रम उलटा लावायचा. नाणं अस्सल आहे की नाही ते मागून. आधी ते समोरच्याच्या हातात आहे का ते बघा.

नाणं त्याच्याकडे आहे का?

पहिलं काम दोन मिनिटांचं. फोटो गूगल लेन्समध्ये टाका. चोरलेला असेल तर बऱ्याचदा मूळ जागा सापडते. पण काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. फोटो उलटा केला, कडा कापल्या, रंग बदलला की शोध चुकतो. नाण्यावरचा ओरखडा, डाग, कडेची खोच यांची जुन्या लिलावातल्या फोटोंशी डोळ्यांनी जुळणी करणं जास्त भरवशाचं.

नाण्याशेजारी नाव-तारखेची चिठ्ठी ठेवून फोटो मागायची पद्धत आपल्याकडे आहे. चांगली होती. आता चिठ्ठी फोटोत घालून देणं पोरासोरांनाही जमतं, त्यामुळे ती एकटी पुरत नाही. व्हिडिओ कॉल मागा आणि कॉलवर काय करायला सांगणार ते आधी कळवू नका. नाणं बोटावर उभं धरून हळूहळू फिरवायला सांगा, म्हणजे कडेवरच्या रेघा दिसतात आणि चमक सरकताना दिसते. मग वजनकाट्यावर ठेवायला सांगा. माणूस अमरावतीचा म्हणवत असेल तर नाण्याखाली आजचा पेपर ठेवायला सांगा, आवृत्ती अमरावतीची आहे का बघा. खरा विकणारा हसेल, थोडा कुरकुरेल, ‘काऊन भाऊ, एवढा अविश्वास?’ म्हणेल, आणि करून दाखवेल. खोट्याचा कॅमेरा नेमका तेव्हाच बिघडतो, नाणं लॉकरमध्ये असतं, नाहीतर ‘सर, तीन लोग लाईन में हैं, लेना है तो बोलो’ सुरू होतं. त्या तिघांना घेऊ द्या.

प्लास्टिकच्या सीलबंद डबीत ग्रेड केलेली नाणी विकायला येतात त्यांच्याबद्दल एवढंच: एनजीसी आणि पीसीजीएस या नाण्यांचा दर्जा ठरवून डबीबंद करणाऱ्या कंपन्या, दोघींच्याही संकेतस्थळावर डबीवरचा क्रमांक टाकून पडताळता येतो. क्रमांक निघाला म्हणजे झालं असं नाही, खऱ्या डबीचा क्रमांक खोट्या डबीवर छापणारे आहेत. तिथे नोंदीबरोबर फोटो असेल तर तो समोरच्या नाण्याशी ताडून बघा.

आहे, पण अस्सल आहे का?

इथे आपल्या छंदाचा खरा आनंद आहे, आणि घरच्या घरी बरंच काही कळतं. व्हिक्टोरिया राणीपासून जॉर्ज पाचव्यापर्यंतचा ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया 11.66 ग्रॅमचा. त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा. एवढे आकडे डोक्यात असले तरी निम्मा कचरा बाजूला होतो. व्हिक्टोरियाचा रुपया कोणी चांदीच्या त्या दिवसाच्या भावापेक्षाही स्वस्त देत असेल, तर तो इतवारीच्या सराफ्यात का जात नाही? तिथे त्याला नाण्याचे नाही तरी चांदीचे पैसे लगेच मिळाले असते.

नुसतं वजन फसवतं, कारण नकली नाणी हल्ली वजनाला बरोबर करून पाडतात. त्यामुळे पाण्याची परीक्षा करा. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. आधी नाण्याचं कोरडं वजन घ्या, समजा 11.60 भरलं. मग काट्यावर अर्धी वाटी पाणी ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं शिवणाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं अलगद लोंबकळत सोडा. तळाला टेकू द्यायचं नाही, वाटीच्या कडेला लागू द्यायचं नाही. बारीक बुडबुडे चिकटतात, ते दोरा हलवून सोडवा. आता काटा जे दाखवतो ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. 91.7 टक्के चांदीचा रुपया असेल तर आकडा 1.12 ते 1.13 च्या आसपास येतो. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर (नावात चांदी, पण धातू तांबं, निकेल आणि जस्त यांचा) असेल तर 1.33 च्या पुढे जातो. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते: चांदीच्या रुपयाची 10.3 च्या जवळपास, जर्मन सिल्व्हरची 8.7. इतका फरक स्वयंपाकघरातल्या ओट्यावरही लपत नाही.

पण ही परीक्षा धातूची आहे. 1938 चा अस्सल रुपया घेऊन कोणी आठाचा नऊ केला असेल तर तो पाण्यात पास होणारच, धातू खराच आहे. चांदीतच ओतलेलं नकली नाणंही पास होईल. तिथे भिंग आणि जाणकाराचा डोळा लागतो. रक्कम मोठी असेल तर सराफ्यात एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातू तपासणारं यंत्र) टंच, म्हणजे शुद्धता, काढून घ्या, खर्च किरकोळ असतो. चुंबक लावून खात्री करणाऱ्यांना एक सांगायचं आहे: पितळही चुंबकाला चिकटत नाही.

काही वस्तू तर तपासायचीही गरज नाही. ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ आणि मागे हनुमान किंवा रामदरबार, खाली ‘यूके वन आना’. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. 1616, 1717, 1818 अशा गमतीदार सालांचे हे तुकडे पूजेतली किंवा शोभेची वस्तू म्हणून ठेवायचे तर ठेवा. नागपुरात मात्र ते जास्त खपतात असं मला वाटतं, कारण 1818 म्हटलं की सीताबर्डीच्या 1817 च्या लढाईशी मन आपोआप जोडलं जातं आणि विकणारा नागपूरच्या राजाच्या, आप्पासाहेब भोसल्यांच्या, खजिन्याची एक गोष्ट फुकटात लावून देतो. शिवकालीन होनाचंही तेच. शिवराई तांब्याची, ती भरपूर मिळते. सोन्याचा होन अतिशय दुर्मीळ. तो कोणी व्हॉट्सॲपवर ‘दोन नग शिल्लक’ म्हणून विकत नसतो.

शेतात सापडलेला हंडा

विदर्भात हा प्रकार मुरलेला आहे म्हणून जरा थांबून सांगतो. फोन येतो: शेत नांगरताना हंडा लागला, मालकाला लिहिता-वाचता येत नाही, गुपचूप विकायचं आहे. नमुन्याला एक नाणं देतात आणि ते अस्सल असतं. सराफाकडे दाखवलं, टंच बरोबर निघाला, की माणूस पैसे जमवायला लागतो. मग पिशवीभर पितळ हातात पडतं. तांदूळ ओढणारं नाणं, तांबं-इरिडियमचं भांडं, हे याचेच भाऊबंद. तांदूळ ओढणारा धातू जगात नाही; तांदळाला आधी लोखंडाचा बारीक चुरा लावलेला असतो.

हा धंदा चालतो तो फसलेल्याच्या भीतीवर. 1878 च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावाच लागतो. म्हणजे गुपचूप खरेदी करणाराही अडचणीत येतो आणि तो पोलिसांकडे जायला कचरतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या नाण्यासारखी वस्तू परदेशात पाठवता येत नाही, तेव्हा ‘दुबईचा पार्टी तयार आहे’ हे ऐकलं की फोन ठेवून द्या.

पैसे कुठे घसरतात

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर कधीच स्कॅन करावा लागत नाही. हे सगळ्यांना पाठ आहे. तरी माणसं घसरतात, कारण समोरचा ‘मी लष्करात आहे, आमचं पेमेंट मर्चंट अकाउंटवरून होतं, तुम्ही आधी एक रुपया पाठवून बघा’ असं काहीतरी बोलतो आणि रुपयाच्या जागी खरोखर दोन रुपये परत येतात. पुढचा कोड दहा हजारांचा असतो. यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली, तेव्हापासून चोरांचा जोर क्यूआरवर आणि खोट्या ॲपवर आला आहे.

खरेदी करताना पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा. हे नाव आता बँकेच्या नोंदीतलं असतं, समोरच्याने स्वतः घातलेलं नसतं. विकणारा स्वतःला एका नावाने सांगतो आणि खातं दुसऱ्याच्या नावावर, शिवाय ‘ते माझ्या मेव्हण्याचं आहे’. तिथेच व्यवहार थांबवा. बोलणारा, नाणं दाखवणारा आणि पैसे घेणारा ही तीन वेगवेगळी माणसं असतील तर पैसे पाठवू नका. मेव्हणा खराच असला तरी.

आता विकणाऱ्यांसाठी, कारण त्यांच्या बाजूची फसवणूक कोणी फारशी सांगत नाही आणि ती जास्त चिवट आहे. समजा तुम्ही नागपूरच्या महाल भागात राहता आणि भोसल्यांचा कटक टांकसाळीचा एक रुपया विकायला काढला. एकाने घासाघीस न करता घ्यायचं ठरवलं, पैसे खात्यात आले, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसले, तुम्ही नाणं पाठवलं. आठवड्याने खात्यावर रोख लागली, म्हणजे बँकेने खातं गोठवलं. झालं असं की त्या माणसाने पुण्यातल्या कोणालातरी जुना मोबाईल विकतो म्हणून तुमचा यूपीआय दिला. पुणेकराने मोबाईलचे पैसे तुम्हाला पाठवले, नाणं भामट्याला गेलं, मोबाईल कोणालाच नाही. पुणेकराने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि साखळीत पहिलं नाव तुमचं. यावर उपाय एकच आहे: पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि पार्सल घेणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर माल रोखून धरा, आणि पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा. ‘चुकून जास्त आले, या दुसऱ्या नंबरवर परत करा’ याला तर अजिबात भुलू नका.

स्क्रीनशॉटला पैसे समजू नका. बँकेचा एसएमएससुद्धा साध्या मोबाईल नंबरवरून कोणीही पाठवू शकतो. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढली का, एवढंच बघा.

आणि ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखात’, ‘786 ची नोट, ट्रॅक्टरची पाचाची नोट द्या, दहा लाख घ्या’ या जाहिराती. आजीच्या बटव्यात अशी नाणी सापडली की घरातली मुलं मोठ्या आशेने फोन करतात. तिकडून आधी नोंदणी फी, मग रिझर्व्ह बँकेचं ‘प्रमाणपत्र शुल्क’. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, ती असलं कुठलंही शुल्क घेत नाही आणि तिच्या वतीने घ्यायला कोणाला नेमलेलंही नाही. वैष्णोदेवीची नाणी टांकसाळीत भरपूर पडलेली आहेत.

टपाल आणि भेट

शक्य असेल तर भेटा. नागपुरात भेटायला जागांची कमी नाही: संविधान चौकात रिझर्व्ह बँकेसमोर, सीताबर्डी मेट्रोच्या इंटरचेंजवर, नाहीतर सरळ इतवारीत सराफाच्या दुकानात, जिथे काटा आणि मशीन दोन्ही आहे. दिवसाउजेडी, सोबत एक जण, आणि खिशात स्वतःचा वजनकाटा. कोणाच्या घरी जाऊन पूर्ण संग्रह बघायचा मोह आवरा. आणि स्वतःचा संग्रह तर अनोळखी माणसाला घरी बोलावून मुळीच दाखवू नका.

टपालाने मागवलं असेल तर ट्रॅकिंग क्रमांक मिळाला म्हणून खूश होऊ नका. स्पीड पोस्टचा क्रमांक ‘ई’ने सुरू होतो आणि ‘आयएन’वर संपतो. तो टपाल खात्याच्या साइटवर टाकून पार्सल कुठल्या ऑफिसकडे निघालं आहे ते बघा. भामटे दुसऱ्याच कोणाच्या पार्सलचा क्रमांक देतात. तुमचा पिन 440 ने सुरू होतो आणि पार्सल गोरखपूरला पोहोचलं असं दिसतं. पावतीचा फोटो मागा, त्यावर वजन आणि पत्ता असतो. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा कोणी आजच्या तारखेची ‘रजिस्टर पोस्टाची पावती’ म्हणून जुन्या नमुन्याची पाठवत असेल तर ती उघड बनावट.

पाकीट उघडताना सील दिसतं तिथपासून नाणं काट्यावर ठेवेपर्यंत न कापलेला व्हिडिओ काढा. पाठवणाऱ्यानेही पॅक करताना तसाच काढावा. वाद झाला तर दोन व्हिडिओंमधलं वजन आणि तोच ओरखडा हा दोघांचाही पुरावा.

‘तुमचं पार्सल अडकलं आहे, हा कोड दाबा’ म्हणून जो फोन येतो तो कुरियरवाल्याचा नसतो. स्टार-401-स्टार आणि पुढे दहा आकडे, असा कोड असेल तर तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळवण्याचा तो डाव आहे, पाठोपाठ तुमचं व्हॉट्सॲप जातं आणि तुमच्याच नावाने संग्राहकांकडे टोकन मागितलं जातं. वळवलेलं असेल तर हॅश-हॅश-002-हॅश दाबल्याने सगळं रद्द होतं.

गेलेच पैसे तर

लाजत बसू नका, घड्याळ बघा. 1930 ला फोन लावा, लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा, बँकेलाही लगेच कळवा. पैसे एका खात्यातून पुढे सरकायच्या आत रोख लागली तर मिळण्याची शक्यता असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, समोरचा नंबर, खात्याचं नाव आणि चॅट हाताशी ठेवा. रागाच्या भरात चॅट उडवणारे बरेच आहेत, त्यांना नंतर काहीच दाखवता येत नाही.

बँकेकडून भरपाईची आशा मर्यादितच ठेवा. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये आणलेला ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीचा नियम आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होता. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात बसत नव्हते. पोलिसांकडे मात्र हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड. फक्त टोकन गेलं म्हणून तक्रार न करणं चुकीचं आहे; दोन-दोन हजारांच्या दहा तक्रारी एकाच खात्यावर आल्या की तपासाला धागा मिळतो.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे सापडलेत, फाईल पुढे सरकवायला अमुक भरा’ असा फोन हमखास येतो. तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेल्याचा असतो.

विकणाऱ्याच्या खात्यावर वर सांगितलेल्या पुणेकराच्या गोष्टीसारख्या त्रिकोणी व्यवहारामुळे रोख लागली असेल तर बँकेत जाऊन ती कुठल्या पोलीस ठाण्याच्या आणि कुठल्या तक्रार क्रमांकाच्या पत्रावर लागली ते लेखी मागा. मग त्या ठाण्याला नाण्याची जाहिरात, चॅट, पॅकिंगचा व्हिडिओ, टपालाची पावती आणि पार्सल ज्या पत्त्यावर गेलं तो पत्ता, असं सगळं एकत्र पाठवा. तो पत्ता पोलिसांच्या कामाचा असतो, आणि तुम्ही चोर नाही हे दाखवणारं तुमच्याकडचं सगळ्यात भक्कम कागदपत्रही तेच. रोख फक्त वादातल्या रकमेपुरती ठेवावी असा अर्ज बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी द्या, नाहीतर पगाराचं खातं महिनोन्महिने अडकून राहतं.